जाऊन या

जे. पी. नगरात बिऱ्हाड केल्यास आम्हांस आता बरीच वर्षे लोटली. लोकनायक जयप्रकाशांचे नाव मिरविणारी ही वसाहत बेंगळूरच्या दक्षिण अंगास एकामागून एक ‘फेज’ वाढवीत अशी काही पसरली आहे की, पहिल्या फेजमधील मनुष्यास नवव्या फेजमधील मनुष्य परगावचाच वाटावा. येथे रस्त्यावर कानडी ऐकू येते, तमिळ येते, तेलुगू येते, हिंदी तर येतेच. आणि संगणकाच्या कचेऱ्यांत नोकरीस असलेल्या तरुण मंडळींची ती इंग्रजीही येते, जी कोणाच्याच घरची नसल्यामुळे सर्वांची झाली आहे. मराठी ऐकावयाची तर गणेशोत्सवाची वाट पाहावी, नाही तर ‘रंगशंकरा’त मराठी नाटक लागण्याची. त्यामुळे एका सायंकाळी सारक्कीच्या तळ्याकाठी फिरत असता पाठीमागून, “अरे, उतर खाली, पडशील की रे!” असे शब्द कानी पडले, तेव्हा आमचे पाय आपोआप थबकले.

कठड्यावर चढू पाहणाऱ्या एका लहानग्यास एक वृद्ध बाई दटावीत होत्या. नेसण दाक्षिणात्य, नाकात दोन्ही बाजूंस चमक्या, कपाळावर ठसठशीत कुंकू. शब्द तर आमचेच होते. पण त्यांची चाल निराळी. वाक्याच्या अखेरीस स्वर वर चढावयाचा आणि तेथेच क्षणभर हेलकावत राहावयाचा, जसा कावेरीकाठच्या तमिळ माणसाचा राहतो. ओळखीचा अभंग अनोळखी रागात ऐकावा, तसे काहीसे आम्हांस वाटले.

“आपण मराठी का?” आम्ही विचारले.

“मराठीच की,” बाई म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “पण तुमच्यासारखी नव्हे. आम्ही तंजावूरची.”

त्यांस सारी इमारत अक्का म्हणते, म्हणून आम्हीही अक्काच म्हणू लागलो. वय पंचाऐंशीच्या पुढे. जन्म कुंभकोणमचा, लग्नानंतरचा संसार मद्रासेत, आणि आता मुलाच्या नोकरीमुळे बेंगळुरात. महाराष्ट्र त्यांनी एकदाच पाहिला, तोही पंढरपूरच्या यात्रेपुरता. त्या चार दिवसांत, त्या हसत सांगत, बडव्यांपासून टांगेवाल्यापर्यंत सर्वांनी त्यांस ‘तुम्ही मद्रासी का?’ म्हणून विचारले; आणि इकडे मद्रासेत शेजारणी त्यांस जन्मभर ‘मराठीकारी’ म्हणत आल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हांस घरी बोलाविले. पितळी पेल्यांत फेसाळ कॉफी आली, देवघरातील समर्थांची तसबीर दाखविली गेली, गप्पा झाल्या. आणि येथेच आमच्या हातून ती गोष्ट घडली, जिच्यासाठी हा लेख लिहिण्याची वेळ आली. आम्ही पुणेरी शाळेत शिकलेले. व्याकरणाच्या तासाला आम्हांस बक्षिसे मिळालेली. अक्का बोलत होत्या आणि आम्ही, अगदी प्रेमाने, त्यांचे बोलणे नीट करीत होतो. एका नामाचे लिंग सुधारले. एका क्रियापदाचा प्रत्यय सुधारला. मधेच आलेल्या तमिळ शब्दास मराठी प्रतिशब्द पुरविला. निघताना आम्ही ‘येतो’ म्हणालो, तेव्हा अक्का दाराशी येऊन म्हणाल्या, “जाऊन या.” आम्ही मोठ्याने हसलो. म्हटले, “अक्का, आपल्याकडे नुसते ‘या’ म्हणतात. निरोपाच्या वेळी ‘जा’ तोंडातून काढू नये.” अक्काही हसल्या; पण ते हसणे ओठांपुरतेच होते, हे आमच्या कुटुंबाने परतीच्या वाटेवर आम्हांस सांगितले.

पुढच्या सायंकाळी तळ्याकाठी अक्का भेटल्या. “गुड ईव्हिनिंग, हाउ आर यू?” त्या म्हणाल्या. आम्ही मराठीत उत्तर दिले. त्या इंग्रजीतच बोलत राहिल्या. त्यानंतर दोन महिने त्यांनी आमच्याशी मराठीचा एक शब्द उच्चारला नाही. नातवाशी बोलत असत, आणि आम्ही जवळ आलो की थांबत.

अपराध झाला म्हणजे ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जाण्याऐवजी सुशिक्षित मनुष्य पुस्तकांकडे जातो. आम्हीही तेच केले.

बेंगळूर आणि मराठी यांचा संबंध आम्ही समजत होतो त्याहून फार जुना निघाला. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे नगर केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि ते शहाजीराजांच्या हाती आले. जयराम पिंड्ये हा बहुभाषी कवी त्यांच्याच पदरचा. त्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ राजवाड्यांनी १९२२ साली प्रसिद्ध केला, आणि शहाजीराजांच्या दरबारी किती भाषांतले कवी जमत असत, हे महाराष्ट्रास त्यातून कळले. शहाजीराजे १६६४ साली होदिगेरेच्या रानात शिकारीत गेले. मागे धाकटे पुत्र एकोजी, म्हणजे आपले व्यंकोजीराजे, बेंगळुरास राहिले. मल्लेश्वरमच्या काडुमल्लेश्वराच्या देवळापाशी १६६९ चा त्यांच्या दानाचा शिलालेख आहे. तो कानडीत आहे, हे आम्हांस विशेष वाटले. मराठी राजाने कानडी मुलखात कानडीत दान लिहावे, यात त्या काळी कोणास नवल वाटले नसावे. पुढे १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर घेतले आणि गादी तिकडे नेली. १६८७ मध्ये बेंगळूर मोगलांच्या हाती पडून तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांकडे गेले. म्हणजे अक्कांची भाषा तंजावरास गेली ती बेंगळुरावरून. आमच्या जे. पी. नगरात अक्का पाहुण्या नव्हत्याच. पाहुणे असलो तर आम्ही.

तंजावरात तिने काय काय केले, ते आमच्या शालेय पुस्तकांत फारसे नव्हते. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले आणि मराठी रंगभूमी जन्मली, हे आम्ही पाठ केले होते. पण व्यंकोजींचे पुत्र शाहजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक लिहिले होते. त्याच राजाचे एक नाटक संस्कृत, तेलुगू, तमिळ, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांत बोलते. ‘रंगशंकरा’त साडेसातच्या ठोक्याला दारे बंद होतात व उशिरा येणारास, तो कोणीही असो, बाहेर राहावे लागते, तो नियम मराठी नाट्येतिहासास लावला तर आपण सारे महाराष्ट्रीय दीडशे वर्षे उशिरा आलेले ठरू.

दुसरे सरफोजीराजे हे तर एक विलक्षणच प्रकरण. ख्रिस्ती पाद्री श्वार्ट्झ याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास देवनागरीचा छापखाना चालविला. इसापच्या गोष्टींचे मराठी रूप तेथे छापले गेले, तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि छापलेले मराठी पुस्तक पाहिलेला मनुष्य विरळा होता. कुरवंजी नावाच्या खास दाक्षिणात्य नाट्यप्रकारात त्यांनी जगाचा भूगोल मराठीत सांगितला. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या प्रचंड देवालयाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. सरस्वती महाल या ग्रंथालयात आज तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडीची दप्तरे वेगळीच. मोर्गावकरांसारख्या कीर्तनकारांनी इकडची कीर्तनपद्धती तेथे नेली. तमिळ हरिकथेत आजही साकी, दिंडी, ओवी ही वृत्ते नांदतात, ती या वाटेने गेलेली.

१८५५ साली शेवटचे शिवाजीराजे पुत्र मागे न ठेवता वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. दरबार संपला. दरबारातील भाषा माजघरात गेली. पुरुष इंग्रजी शिकून मोठमोठ्या हुद्द्यांवर चढले, सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्यांचे पुत्र आनंदराव १९०९ ते १९१२ म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्याही आधी म्हैसूरची दिवाणगिरी सांभाळणारे व्ही. पी. माधवराव मूळचे कुंभकोणमचेच. मॅजेस्टिककडे जाताना बसचा वाहक ‘आनंदराव सर्कल’ अशी आरोळी ठोकतो, तेव्हा त्या नावामागे एक तंजावरी मराठी घर आहे, हे बसमधील मराठी मनुष्याच्या ध्यानात येत नाही. आमच्याही वीस वर्षे आले नव्हते.

हे सारे वाचून झाले तरी आमचे समाधान होईना, कारण ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो इतिहासाचा नव्हता. ज्या भाषेस दीडशेहून अधिक वर्षे शाळा नाही, वर्तमानपत्र नाही, जनगणनेत स्वतंत्र रकाना नाही (ती मराठीतच मोजली जाते), ती अक्कांच्या नातवापर्यंत पोचली कशी? आणि एवढे सोसून पोचलेली ती आमच्या एका सायंकाळच्या व्याकरणाने गप्प का व्हावी?

या प्रश्नावर प्रकाश पडला तो अगदी भलत्या ठिकाणाहून. एलियास कानेटी या १९८१ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्याचे आत्मचरित्र आम्ही वाचीत होतो. कानेटी १९०५ साली बल्गेरियात डॅन्यूबकाठच्या रुसे या गावी जन्मला. लिहिले त्याने जर्मनमध्ये. पण त्याच्या बाळपणीची घरची भाषा लादिनो. ही भाषा म्हणजे १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्या यहुद्यांस देशाबाहेर घालविले, त्यांनी गाठोड्यात बांधून नेलेली पंधराव्या शतकातील स्पॅनिश. तुर्कस्तानच्या सुलतान बायझीदने त्यांस आसरा दिला. इस्तंबूल, स्मर्ना, सालोनिका, सारायेवो अशा गावी ते वसले, आणि चार-साडेचार शतके घरात ही भाषा बोलत राहिले. स्पेनमधील स्पॅनिश बदलत गेली. यांची जुन्या ठेवणीवर राहिली. ‘तो म्हणाला’ यास आजचा स्पॅनिश मनुष्य ‘दिखो’ म्हणतो, लादिनोत अजून ‘दिशो’ म्हणतात. रविवारास स्पेनमध्ये ‘प्रभूचा वार’ या अर्थाचा शब्द आहे. यहुद्यांस तो प्रभू मान्य नसल्यामुळे त्यांनी अरबीतला ‘अल्हाद’ ठेवला. देवास स्पॅनिशमध्ये ‘दिओस’ म्हणतात. यांनी त्यातला शेवटचा ‘स’ टाकून ‘दिओ’ केला, कारण ‘स’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आणि देव तर एकच! व्याकरणातून धर्म सांभाळण्याचा हा प्रकार वाचून आम्हांस आमच्या शास्त्रीबुवांची आठवण झाली. पुढे तुर्की, ग्रीक, हिब्रू शब्द येत गेले व घरचेच होऊन राहिले, जसे अक्कांच्या बोलण्यात तमिळ. लिहिण्यास हिब्रू अक्षरे. हातचे लिखाण तर अशा एका वळणदार लिपीत की, आपल्या मोडीप्रमाणेच ती आज जाणत्यांनाच वाचता येते.

पण आमचा डोळा अडला तो डॉक्टर आंखेल पुलिदो या गृहस्थांवर. पुलिदो हे स्पेनच्या वरिष्ठ सभागृहाचे सभासद. १९०३ साली डॅन्यूबवर आगबोटीने प्रवास करीत असता काही सहप्रवासी यहुदी चारशे वर्षांपूर्वीची स्पॅनिश बोलताना त्यांनी ऐकले, आणि हा भला मनुष्य वेडा व्हावयाचा राहिला. स्वदेशी परतून त्याने लेख लिहिले, पत्रव्यवहार केला, १९०५ मध्ये या ‘देश नसलेल्या स्पॅनिश लोकां’वर जाडजूड ग्रंथ काढला; स्पेनने आपल्या दुरावलेल्या लेकरांस जवळ घ्यावे म्हणून जन्मभर खटपट केली. त्याच्या प्रेमाविषयी शंका घेण्यास जागा नाही. परंतु या प्रेमाने काय मागितले? तर या लोकांनी आपली बिघडलेली भाषा टाकून शुद्ध कास्तिलियन शिकावी. सारक्कीच्या तळ्याकाठी थबकलेले आमचे पाय आम्हांस आठवले, आणि पुस्तक मिटून ठेवावे लागले.

लादिनोवर याहून मोठे घाले दुसरीकडून आले. १८६० साली स्थापन झालेल्या एका फ्रेंच-यहुदी संस्थेच्या शाळा पूर्वेकडे पसरल्या. मुले फ्रेंच शिकू लागली, आणि आईशी तिच्या भाषेत बोलणे त्यांस गावंढळ वाटू लागले. तुर्कस्तानात १९२८ साली लिपी पालटली. आणि १९४३ साली जर्मनांनी सालोनिकेतील चाळीस हजारांहून अधिक यहुदी आगगाडीत कोंबून ऑश्विट्झला नेले. त्यांतील बहुतेक सारे मारले गेले, आणि लादिनो जेथे रस्त्याची व बंदराची भाषा होती ते गावच मुके झाले. येथे तुलना थांबविली पाहिजे. अक्कांच्या लोकांवर असे काही गुदरले नाही. त्यांस तमिळ शेजाऱ्यांनी सुखाने नांदू दिले. शाळेची गोष्ट मात्र दोहोंकडे सारखीच आहे.

जे उरले त्यांनी भाषा राखण्यासाठी जे केले, त्यातील दोन-तीन गोष्टी आमच्या मनात घर करून राहिल्या. सालोनिकेचे जोसेफ नेहामा छळछावणीतून जिवंत परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी आपल्या भाषेचा कोश करण्यात घालविले; तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ साली छापला गेला. स्मर्नेत जन्मलेले मोशे शाऊल यांनी इस्रायलमध्ये नभोवाणीवरून लादिनोत कार्यक्रम केले आणि १९७९ साली ‘आकी येरुशालायिम’ हे सर्वस्वी लादिनोतील नियतकालिक काढले. ते जवळजवळ चार दशके चालले. त्यांनी एक साधी लेखनपद्धतीही ठरविली, जेणेकरून ज्यास स्पॅनिश शुद्धलेखन येत नाही त्यानेही न घाबरता लिहावे. त्या पद्धतीस हसणारे पंडित होतेच. पण पत्रे येऊ लागली ती तिच्यामुळे. इस्रायल सरकारने १९९६ चा कायदा करून लादिनोसाठी राष्ट्रीय संस्था उभारली. इस्तंबुलात २००५ पासून ‘एल आमानेसेर’, म्हणजे ‘पहाट’, हे मासिक निघते. आणि सारायेवोत जन्मलेल्या फ्लोरी जागोदा बाई! घरची माणसे युद्धात मारली गेली, स्वतः अमेरिकेस पोचल्या, आणि आजीकडून ऐकलेली गाणी पुढे कित्येक वर्षे गात व शिकवीत राहिल्या; २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी राखली ती आजीची भाषा, आजीच्या उच्चारांसह. व्याकरणाचे बक्षीस त्यांना कोणी दिले असते की नाही, कोणास ठाऊक.

इकडे आमच्या आणि अक्कांच्या अबोल्यास तोड काढली ती आमच्या कुटुंबाने, आणि तीही एकही पुस्तक न उघडता. एके दिवशी तिने डांगर केले: उडदाचे पीठ, ताक, मीठ, वरून हिंगाची फोडणी. वाटी घेऊन ती अक्कांकडे गेली. झाकण काढताच अक्का जवळजवळ ओरडल्याच, “डांगर!” आणि मग, “तुम्हीही डांगरच म्हणता?” तिकडे डांगर पचडी म्हणतात, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी दोघी तीन तास बोलत होत्या. अक्कांनी रसवांगी करून दाखविली. हा पदार्थ तंजावरकडील तमिळ घरांतही होतो. पण त्याच्या नावात आपला ‘रस’ आणि आपले ‘वांगे’ स्पष्ट बसलेले आहे, हे करणाऱ्या कित्येकींच्या गावीही नसते. आम्हांस पुन्हा प्रवेश मिळाला, पण एका अटीवर. ती अट आमच्या कुटुंबाने घातली होती: आम्ही ऐकावयाचे, बोलावयाचे नाही.

अक्कांची थोरली नात येथील महाविद्यालयात शिकते. आजी बोलते ते जपून ठेवावे, असे तिच्या मनात कधीपासून होते. खिशातल्या दूरध्वनीवर तिने काही गोष्टी, पाककृती, एक अंगाईगीत असे ध्वनिमुद्रित केलेही होते. पण उतरवून घ्यावयाचे कोणत्या लिपीत? येथे आम्ही प्रथमच या प्रश्नाची खोली पाहिली. अक्कांचे वडील मोडी लिहीत. त्यांची एक वही ट्रंकेत आहे, ती घरात कोणासच वाचता येत नाही. अक्का स्वतः मराठी लिहितात ती तमिळ लिपीत. तमिळमध्ये क, ख, ग, घ या चौघांस मिळून एकच अक्षर; तेव्हा त्यांनी लिहिलेले पत्र ज्यास ती भाषा मुखोद्गत आहे त्यानेच वाचावे. मुलगा इंग्रजी अक्षरे वापरतो, त्यात ‘ळ’ बुडतो आणि ‘ण’ही बुडतो. नातीने मात्र कानडी लिपी घेतली. ती येथील शाळेत शिकलेली. कानडीत महाप्राण आहेत, ‘ळ’ आहे, ‘ण’ आहे. अक्कांची मराठी त्या लिपीत अशी चपखल बसली की, व्यंकोजीराजांनी पाहिली असती तर त्यांस खचितच काही वावगे वाटले नसते. देवनागरीत उतरविण्याचे काम आमच्याकडे आले. दर शुक्रवारी दुपारी आम्ही वही घेऊन बसू लागलो.

आणि येथे पुन्हा एकदा आमच्यातला मास्तर जागा झाला. ध्वनिमुद्रण ऐकता ऐकता लिहीत असताना हात आपोआपच ‘सुधारून’ लिहावयाचा. ‘जातों’, ‘येतों’ यांतील शेवटचा अनुस्वार, जो १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आमच्या लेखणीतून काढून घेतला, तो अक्कांच्या नाकात अजून वाजतो, असा आम्हांस भास होई. पण लिहिताना आम्ही ‘जातो’ असेच लिहीत होतो. तमिळच्या धाटणीने शेवटी आलेला शब्द उचलून आम्ही आमच्या धाटणीने आधी ठेवीत होतो. चौथ्या शुक्रवारी नातीने कानडी प्रत आणि आमची देवनागरी प्रत शेजारी शेजारी ठेवून वाचून दाखविली. ती काही बोलली नाही. अक्काच म्हणाल्या, “हे कोण बोलते? मी नव्हे.”

ती वही आम्ही फाडून टाकली नाही. लाल शाईने आमच्याच सुधारणा खोडून खाली मूळ शब्द लिहिले, आणि ती तशीच ठेवली आहे. पुढे ज्यास पाहावयाचे असेल त्याने पाहावे. आता काम सावकाश चालते. एखाद्या शब्दापाशी अडलो तर अर्थ विचारतो, पर्याय सुचवीत नाही. अंगाईगीताची एक ओळ आम्हांस अजून लागलेली नाही. अक्कांनाही तिचा अर्थ येत नाही, त्यांच्या आईसही येत नव्हता. सरस्वती महालात जाऊन एखाद्या जाणत्यास विचारावे, असा बेत आहे. आमच्या मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात अक्कांस बोलवावे, अशी सूचना आम्ही केली, तेव्हा एका पदाधिकाऱ्याने “त्यांची मराठी लोकांना कळेल का?” असे विचारले. आम्ही रागावलो नाही. वर्षापूर्वी आम्हीही हेच विचारले असते.

खरे सांगावयाचे तर या सर्व खटाटोपात आम्हांस दुसरीच एक टोचणी लागून राहिली आहे. अक्कांच्या घराण्यास महाराष्ट्र सोडून साडेतीनशे वर्षे झाली, आणि त्यांचा पाच वर्षांचा नातू पडला-झडला तर मराठीत रडतो. आमच्या घराण्यास महाराष्ट्र सोडून एक पिढी झाली. आमचा नातू, जो आमच्याच ताटात जेवतो, ज्यास आम्ही शुद्ध, प्रमाण, बक्षीसपात्र मराठीत हाका मारतो, तो आम्हांस इंग्रजीत उत्तर देतो. त्याच्या चुका आम्ही फार लवकर काढावयास लागलो होतो. तीन वर्षांचा असताना तो जे काही मोडकेतोडके बोलत असे, त्यातला प्रत्येक शब्द आम्ही हसून नीट करीत असू. एके दिवशी त्याने ते बोलणेच बंद केले, आणि आम्हांस वाटले, शाळेचा परिणाम. अक्कांचा मुलगा एकदा सहज म्हणाला की, त्यांच्या घरी कोणी कोणाचे बोलणे सुधारीत नाही, कारण बरोबर काय ते सांगणारे पुस्तकच नाही. हे वाक्य आम्हांस बरेच दिवस पुरले.

शुक्रवारी आम्ही नातवालाही बरोबर नेतो. तो अक्कांच्या नातवाशी खेळतो. दोघांची बोली काय असते हे देव जाणे, तीत कानडी आहे, इंग्रजी आहे, चेंडूसंबंधीचे काही शब्द निःसंशय तंजावरी आहेत. गेल्या पंधरवड्यात तो शाळेस निघाला, दप्तर पाठीस लावले, आणि दारात वळून म्हणाला, “आजोबा, जाऊन येतों.”

अनुस्वारासकट म्हणाला. आमचे तोंड उघडले होते. ते तसेच मिटले. मग पुन्हा उघडून आम्ही म्हटले, “जाऊन ये.”

तेवढ्यात खाली शाळेची बस आली, आणि जिन्यातून त्याचा आवाज आला तो इंग्रजीत: डबा विसरला होता.